बीमवरून ठावठिकाणा, नोंद चौथी: चकवा

उपग्रहांचे रेडिओ बीम ऐकून माझ्या अँटेनाची जागा ओळखायचा उद्योग मी करतोय. मागच्या नोंदीत त्यातली सरासरी चूक ३ किलोमीटरवर आल्याचं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. आकडा खोटा नव्हता, गणितही बरोबर होतं, तरीही तो निकाल फुकटचा होता. का, ते पुढे येईलच. आधी नव्याने आलेल्यांसाठी थोडी उजळणी. जुन्या मंडळींनी दोन-तीन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

इरिडियम या उपग्रह-फोन सेवेचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकाच्या खाली जमिनीवर ४८ बीमची, म्हणजे रेडिओ झोतांची, गोधडी पसरलेली असते. १६२६.२७ मेगाहर्ट्झच्या आसपास रिंग अलर्टचा, म्हणजे फोनना कॉल आल्याची सूचना देणारा, चॅनल आहे. त्यावर बीम आळीपाळीने हजेरी देतात: उपग्रहाचा क्रमांक, बीमचा क्रमांक आणि एक स्थान. हे स्थान कधी खुद्द उपग्रहाचं असतं, कधी जमिनीवरच्या बीमच्या मध्याचं. हे प्रसारण सगळ्यांसाठी आहे, कुणाचं संभाषण त्यात नसतं आणि मला त्यात रसही नाही. साधा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), पॅच अँटेना, मध्ये एक एलएनए (कमी गोंगाटाचा सिग्नलवर्धक) आणि संदेश उलगडायला जीआर-इरिडियम हे सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम भागतं. संपूर्ण दहा मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायचा नसल्यामुळे महागडा रिसीव्हर लागत नाही.

अँटेना कुठे आहे हे मला माहीत आहे, प्रोग्रॅमला माहीत नाही. त्याने फक्त कोणता बीम किती डेसिबलने ऐकू आला एवढ्यावरून जागा ओळखायची. डॉप्लरला, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकाला, बंदी. १९५७ साली स्पुटनिकच्या डॉप्लरवरून त्याची कक्षा काढली गेली आणि तीच युक्ती उलटी वापरून पुढे ट्रान्झिट ही दिशादर्शन प्रणाली उभी राहिली. तो रस्ता चांगला मळलेला आहे. इथे डॉप्लर ३६ किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यातून जागा फार छान निघते, पण मग मजा काय राहिली? शिवाय एकाच पासच्या (उपग्रह आकाशातून एकदा जातो त्या फेरीच्या) डॉप्लरला आपण उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडे आहोत की उजवीकडे, हे नीट सांगता येत नाही. बीमना ते पहिल्या मिनिटात कळतं. तेवढा एक टोमणा डॉप्लरवाल्यांना.

आता गणित. बीमच्या मध्यापासून जितकं दूर जावं तितकी ताकद घसरते, आणि मध्याजवळ ही घसरण साधारण १२ × (कोन ÷ रुंदी)² डेसिबल इतकी असते. रुंदी म्हणजे अर्ध्या शक्तीची पूर्ण रुंदी. कोन रुंदीच्या निम्मा झाला की घट बरोबर ३ डेसिबल. हे सूत्र नीट बघितलं तर एक गंमत दिसते: मध्यावर उतारच नाही. डोंगराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पायाखालच्या उतारावरून आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही, तसंच. म्हणजे सगळ्यात जोरात ऐकू येणारा बीम जागेबद्दल सगळ्यात कमी बोलतो. खरी माहिती शेजारच्या कुजबुजणाऱ्या बीमकडे असते.

दुसरी गंमत मला जास्त आवडते. सारख्या रुंदीच्या दोन बीमच्या डेसिबलची वजाबाकी केली की वर्ग कटतात आणि उरते सरळ रेषा. तिसरा बीम एका ओळीत नसला की दुसरी रेषा मिळते, आणि दोघींच्या छेदात तुम्ही. चौथा, पाचवा बीम मिळाला की न्यूनतम वर्गाची पद्धत (सगळ्या रेषांशी मिळून सगळ्यात कमी चूक देणारा बिंदू काढणारी) लावायची. ना वारंवार अंदाज सुधारत बसणं, ना सुरुवातीचा अंदाज चुकण्याची भीती. वजाबाकीमुळे उपग्रहाची मूळ शक्ती, अंतरामुळे होणारी घट, माझ्या अँटेनाचा वेडावाकडा लाभ (कोणत्या दिशेला ती किती जोरात ऐकते ते) हे सगळं दोन्हीकडे सारखं असल्याने गळून पडतं. म्हणूनच वजाबाकी नेहमी एकाच उपग्रहाच्या बीममध्ये करायची. दोन उपग्रहांची सरमिसळ केली की अँटेनाचा लाभ लगेच मध्ये येतो.

अचूकता किती मिळावी, याचा कागदी हिशेब: बीम ४०० किलोमीटर रुंद आणि शेजाऱ्यांचे मध्य ३४६ किलोमीटरवर धरले, तर वजाबाकी दर किलोमीटरला सुमारे ०.०५ डेसिबलने बदलते. म्हणजे एक डेसिबल चुकला की १९ किलोमीटर गेले. एक डेसिबलची चूक या धंद्यात रोजची. तेव्हा ३ किलोमीटरचा आकडा दिसला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण आकडा आवडला होता.

तुलनेसाठी: नुसता सगळ्यात जोरदार बीमचा मध्य म्हणजेच आपली जागा असं मानलं, तर एवढ्या वर्तुळात सरासरी चूक त्रिज्येच्या दोन तृतीयांश, म्हणजे १३३ किलोमीटर येते. माझ्या नोंदींत ती १५० च्या आसपास होती. ऐकू आलेल्या बीमच्या मध्यांची ताकदीनुसार वजनी सरासरी घेतल्यावर ती शंभराच्या खाली उतरली, पण उत्तर नेहमी ऐकू आलेल्या बीमच्या घोळक्याच्या मध्याकडे ओढलं जायचं. त्यावर जास्त वेळ घालवला नाही, तुम्हीही घालवू नका.

वजाबाकीवर आल्यानंतर आधी तीन खोड्या निस्तराव्या लागल्या.

पहिली माझ्या हावरटपणाची. डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, पूर्ण वर ठेवला होता. डोंगलचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटांचा, जोरदार बीम आला की तो छताला टेकायचा. मग जोरदार बीम असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो, वजाबाकी आक्रसते आणि उत्तर दोन बीमच्या मधल्या रेषेकडे सरकतं. ऑटो गेन तर त्याहून वाईट, तो प्रत्येक संदेशाला पट्टीच बदलून देतो. आता गेन ठरावीक ठेवला आहे.

दुसरी खोडी वेळेची, आणि तिने मला दोन आठवडे नाचवलं. ४८ बीमची हजेरी एका फेरीत होते. ९० मिलिसेकंदांच्या ४८ फ्रेम, म्हणजे ४.३२ सेकंद. मी एका फेरीतले सगळे संदेश ‘एकाच क्षणाचे’ धरत होतो. पण जमिनीवर बीमची सावली सेकंदाला साडेसहा किलोमीटरहून जास्त धावते, म्हणजे एका फेरीत जवळपास २९ किलोमीटर. ज्या फोटोतला माणूस पळतोय त्याची उंची मोजण्यासारखं ते होतं. आता प्रत्येक संदेशाच्या नेमक्या वेळेला उपग्रह कुठे होता ते टीएलईवरून (कक्षेच्या प्रसिद्ध आकड्यांवरून) काढतो आणि बीमचे मध्य तेवढे सरकवतो. या एका दुरुस्तीने सरासरी चूक ७० वरून ४१ किलोमीटरवर आली.

तिसरी खोडी न ऐकलेल्या बीमची. कमकुवत बीम गोंगाटाने उचलला तरच ऐकू येतो, नाहीतर बुडतो. त्यामुळे नोंदवलेले कमकुवत बीम सगळे नशीबवान, म्हणजे सरासरीने खऱ्यापेक्षा जोरदार. उपाय असा की जो बीम यायला हवा होता पण आला नाही, त्याचीही नोंद घ्यायची: ‘उंबरठ्याच्या खाली’ एवढंच. यात सरळ रेषांचं सौंदर्य बिघडतं, शक्यतेचं फलन (कोणती जागा या नोंदींशी किती जुळते ते सांगणारं) लिहून त्याचा माथा शोधावा लागतो, पण फायदा दिसतो. बीमच्या फार कडेला मात्र जायचं नाही. मुख्य पाकळी (बीमचा मधला मोठा झोत) संपून कडेच्या छोट्या उपपाकळ्या सुरू झाल्या की वर्गाचं सूत्र थापा मारायला लागतं.

सगळं गणित अक्षांश-रेखांशात न करता उपग्रहाच्या नजरेतून, दिशांच्या साइनमध्ये (कोनांऐवजी त्यांचे साइन घेऊन बनणाऱ्या प्रतलात) करा, हेही लगे हात सांगतो. फेज्ड ॲरेचा (अनेक छोट्या अँटेना जुळवून दिशा वळवणाऱ्या मांडणीचा) बीम कुठेही वळवला तरी त्या प्रतलात त्याचा आकार जवळपास तोच राहतो. जमिनीवर मात्र कडेचे बीम ताणलेल्या इडलीसारखे दिसतात. उपग्रहाच्या थेट खाली असताना त्या प्रतलातली चूक जमिनीवर जेवढी पसरते, त्याच्या साडेपाच पट ती उपग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असताना उपग्रहाच्या दिशेत पसरते, आणि आठ अंशांवर तर चाळीसपटीहून जास्त. म्हणून ३० अंशांखालचं सगळं मी फेकून देतो. नोंदी कमी होतात, डोकेदुखीही.

आता त्या ३ किलोमीटरकडे. ४१ वर अडकल्यावर वाटलं, सगळे ४८ बीम सारख्याच लाभाचे कसे असतील? कडेच्या बीमना लांबचा पल्ला गाठायचा असतो, त्यांची घडण वेगळी असणारच. मग प्रत्येक बीमला एक दुरुस्तीचा आकडा जोडला आणि हे ४८ आकडे माझ्या गच्चीवरच्या महिनाभराच्या नोंदींतून शिकून घेतले. खरी जागा माहीत होतीच. नंतर नवीन दिवसांच्या नोंदींवर चाचणी घेतली आणि ३ किलोमीटर! दिवस नवीन, म्हणजे परीक्षा प्रामाणिक, असं मी स्वतःला समजावलं.

दिवस नवीन होते, गच्ची तीच होती. हे कळलं ते सगळं सामान गाडीत टाकून साठेक किलोमीटर दूर एका मोकळ्या माळावर मांडल्यावर. उत्तर माळावर आलंच नाही. ते निम्म्याहून जास्त वाट चालून माझ्या गच्चीकडे परतलं होतं. दुसऱ्या पासला तेच, तिसऱ्याला तेच. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडाखाली येतो म्हणतात, तसा माझा प्रोग्रॅम. त्या ४८ आकड्यांनी बीमचा लाभ शिकलाच नव्हता, माझ्या घराचा पत्ता पाठ केला होता. ते आकडे काढून टाकल्यावर माळावरची चूक ३८ आली. म्हणजे जिथून निघालो होतो तिथेच.

यातून सुटायचा धागा मिळाला तो भलतीच गोष्ट तपासताना. दुरुस्तीशिवायच्या सगळ्या उत्तरांचे ठिपके नकाशावर टाकले तर घोळका खऱ्या जागेभोवती नव्हता, एका बाजूला सरकलेला होता. बीमच्या लाभातली चूक उपग्रहाच्या अंगाला चिकटलेली असते. ती उत्तराला उपग्रहाच्या पुढे किंवा मागे, डावीकडे किंवा उजवीकडे ढकलणार. मग उपग्रह उत्तरेला जाताना जो धक्का एका बाजूला, तोच दक्षिणेला जाताना उलट बाजूला बसायला हवा आणि दोन्ही मिळून फिटायला हवा. माझा का फिटत नव्हता?

कारण मी रोज संध्याकाळीच रेकॉर्डिंग करत होतो. इरिडियमच्या सहा कक्षा अर्ध्या वर्तुळात मांडलेल्या आहेत. त्यामुळे एका जागेवरून पाहिलं तर दिवसाचा जवळपास अर्धा भाग सगळे उपग्रह उत्तरेकडे जाताना दिसतात आणि उरलेला अर्धा भाग सगळे दक्षिणेकडे. महिनाभर मी एकाच दिशेची वाहतूक मोजत बसलो होतो.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप सलग चोवीस तास चालू ठेवला. नकाशावर दोन स्वच्छ घोळके आले, एक उत्तरगामी पासांचा, एक दक्षिणगामी पासांचा, आणि खरी जागा दोघांच्या मध्ये. प्रत्येक घोळक्याची सरासरी घेऊन मध्यबिंदू काढला तर तो अँटेनापासून १४ किलोमीटरवर पडला. गच्चीचा पत्ता कुठेही न शिकवता. दोन घोळक्यांमधलं अंतरच आता लाभाच्या दुरुस्त्या शिकायला वापरता येईल, तेही खरी जागा न सांगता: जागा आणि ४८ आकडे एकत्र अज्ञात धरायचे, बाकी दिशा बदलणाऱ्या उपग्रहांवर सोपवायचं. समीकरणं लिहून झाली आहेत. चाचणी मात्र यावेळी आधी माळावर घेणार, गच्चीवर नंतर. चोवीस तास पुरेल अशी बॅटरी जमवतोय, तेवढ्यासाठी काम थांबलंय.