बिडाला हातोडी लावताना

मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, केलं की अहवालाच्या शेवटी एक वर्ग लिहावा लागतो. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करा आणि मोठी दुरुस्ती करा. आत राहणाऱ्याला दोन्हीकडे बोचकं बांधायचंच असतं, म्हणून त्याला फरक कळत नाही. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना तो करायचाच नसतो. सी-१ लिहिलं की उद्या काही झालं तरी सहीवर बालंट येत नाही. सी-२ए लिहिणाऱ्याला पावसाळ्यात रात्री जाग येते.

२०१९ च्या उन्हाळ्यातली एक सकाळ यासाठी माझ्या डोक्यातून जात नाही. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. उच्च न्यायालयाने ती रिकामी करायला सांगितली होती. काही भाडेकरू आणि इमारत वाचावी म्हणून धडपडणारे दोन-तीन वास्तुविशारद यांनी मला बोलावलं होतं. अहवाल नको, फी नाही, फक्त बघून मत सांगा.

या इमारतीबद्दल बोलताना लोक नेहमी ७ जुलै १८९६ ची गोष्ट सांगतात. ल्युमिए बंधूंची चलचित्रं त्या दिवशी इथे दाखवली गेली, भारतात सिनेमा या वास्तूत आला. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. हे सगळं खरं, पण मला तिचं मोल वेगळ्या कारणाने वाटतं. १८६० च्या दशकात ती उभी राहिली ती बांधून नव्हे, जोडून. खांब, तुळया, सज्जे इंग्लंडात डर्बीच्या कारखान्यात ओतले, जहाजात घातले आणि मुंबईत आणून एकमेकांत बसवले. रोलंड ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरचं हे डिझाईन. वजन सांगाड्यावर आहे, विटा फक्त मधली जागा भरतात. आज काचेचे टॉवर याच तत्त्वावर उभे राहतात. ते तत्त्व घोडागाड्यांच्या मुंबईत उभं होतं, आणि आमच्या शाखेच्या मुलांना ते कुणी नेऊन दाखवत नाही.

माझ्याबरोबरच्या तरुण इंजिनिअरने खांबापाशी जाऊन पिशवीतून रिबाउंड हॅमर काढला. मी त्याला तो आत ठेवायला सांगितलं. ते काँक्रीटची ताकद मोजायचं यंत्र. त्याचा दोष नाही, चार वर्षं त्याला काँक्रीटच शिकवलं. पण इथे समोर बीड, म्हणजे ओतीव लोखंड होतं. घरात बिडाचा तवा असेल तर त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर राहील, पण हातातून फरशीवर पडला की तडकतो. खांबाचंही तसंच. वरून कितीही दाबा, तो सोसतो. ओढलं, वाकवलं की वाकायच्या आधी मोडतो, आणि मोडताना सूचना देत नाही.

म्हणून मी साधी छोटी हातोडी घेतो. रंगाचे थर खरवडून अंगठ्याएवढी जागा मोकळी करायची, हलकेच मारायचं आणि कान द्यायचा. धड खांब घंटेसारखा वाजतो, नाद थोडा वेळ रेंगाळतो. चीर असेल तर आवाज तिथल्या तिथे विझतो. त्या सकाळी मी हाताला लागतील ते दहा खांब वाजवले. नऊ स्वच्छ वाजले. दीडशे वर्षं समुद्राची हवा खाऊन, इतके सुरेख वाजले की तो मुलगा माझ्या हातातून हातोडी घेऊन पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

दहावा वाजला नाही. बघितलं तर कुणीतरी पोटमाळ्यासाठी त्याला लोखंडी अँगल वेल्डिंग करून चिकटवला होता. बीड आधी नीट तापवल्याशिवाय वेल्ड केलं तर सांध्याशेजारी ते तडकतं. केसासारखी बारीक रेघ होती, बॅटरी तिरकी धरल्यावर दिसली. मला त्या क्षणी जो संताप आला तो आजही येतो. ऑर्डिशने कुठे कमी केलं नव्हतं. १९६० च्या दशकात हॉटेल बंद पडलं, खोल्यांच्या खोपट्या झाल्या, फळ्यांच्या जमिनीवर कोबा पडला, टाक्या बसल्या, वकिलांच्या फायलींची कपाटं छतापर्यंत गेली. गटारं तुंबली, लोखंड गंजून फुगलं आणि शेजारच्या विटा ढकलू लागलं. २००५ साली दर्शनी बाजूचा काही भाग रस्त्यावर कोसळला तेव्हा एका माणसाचा जीव गेला. आणि तरी सगळे म्हणतात, इमारत म्हातारी झाली.

खाली उतरलो तर वकिलांच्या कचेरीतले एक टायपिस्ट काका मशीन गोणपाटात बांधत होते. सुतळीचं टोक दातात होतं. मला बघून त्यांनी ते काढलं.

"साहेब, पडणार का हो?"

"काका, आहे तशी ठेवली तर तुकडे पडतील. बाहेर पडा, आजच पडा."

"आणि दुरुस्त केली तर?"

"होईल दुरुस्त. जोडलेली आहे, एकेक भाग काढून बदलता येतो."

"म्हणजे आम्ही परत येऊ?"

मी "हो" म्हणालो.

ते हो म्हणायचा मला काय अधिकार होता? खांबाबद्दल मी बोलू शकत होतो. मालक, भाडं, दुरुस्तीचे पैसे, कोर्टाच्या तारखा यातलं काही माझ्या हातोडीला कळत नाही. काकांनी मान डोलावली आणि गाठ मारली.

पुढे एका अहवालाने इमारत पाडायला हवी असं म्हटलं. संवर्धनातल्या जाणकारांनी तो खोडून काढत ती दुरुस्त होऊ शकते हे न्यायालयापुढे मांडलं. जुन्या वास्तूंचे फेरफटके काढणारी मंडळी, विद्यार्थी, जुने भाडेकरू बोलत राहिले, लिहीत राहिले, म्हणून तिच्यावर घण पडला नाही. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तर २००६ च्याच यादीत तिला धोक्यातल्या वास्तूंमध्ये घेतलं होतं. या लोकांपुढे मी मनापासून हात जोडतो.

पण रिकामी इमारत राहत्या इमारतीपेक्षा लवकर खचते, हे मला त्या सकाळीही माहीत होतं. माणसं असतात तेव्हा कुणीतरी पन्हाळीतला कचरा काढतं, गळतीवर ताडपत्री टाकतं. आणि तरीही तिथे माझं मत रिकामी करा हेच होतं, आजही तेच असेल.

नंतर एकदा जवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत काम होतं म्हणून गेलो होतो. समोरच्या फुटपाथवरून वर पाहिलं. सज्जाच्या एका सांध्यात पिंपळ उगवला होता, चार-पाच पानं, वाऱ्यावर हलत होती. त्या दिवशी तो दोन बोटांनी उपटता आला असता. मी फोटो काढून त्या वास्तुविशारदांना पाठवला आणि कुठल्या मजल्यावर, कितव्या खांबाजवळ ते मोजून लिहिलं.