मला आजच्या आकड्यातून काढा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या मॅचला किती लोक आले, या प्रश्नाची आमच्या ऑफिसात तीन उत्तरं असतात. किती तिकिटं विकली, किती वाटली आणि किती स्कॅन झाली. स्टेडियममध्ये जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो तो मधला, वाटलेल्या तिकिटांचा आकडा. त्यात विकलेली तिकिटं आली, विद्यार्थ्यांचे पास आले, प्रायोजकांना दिलेले गठ्ठे आले, खेळाडूंच्या घरच्यांची तिकिटं आली. काही विद्यापीठं बँडमधली मुलं, खाण्याचे स्टॉलवाले आणि सुरक्षारक्षकसुद्धा त्यात धरतात. गेटमधून खरोखर किती माणसं आत गेली हे फक्त स्कॅनरला माहीत असतं, आणि स्कॅनरचा आकडा शक्यतो ऑफिसाबाहेर जाऊ दिला जात नाही. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं सरकारी विद्यापीठांकडून हे आकडे मागवून घेतले, तेव्हा २०१७ च्या हंगामात जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच लोक प्रत्यक्ष आले होते असं निघालं. आमच्या कामातल्या कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात, त्या गावची. तिथला फुटबॉल पायाने खेळायचा, इथला बहुतेक हाताने, पण आपल्या टीमसाठी माणूस काय काय सोसतो हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी गेट आणि स्कॅनिंगचं काम बघते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते एका विद्यापीठापुरतं नाही.

तो नोव्हेंबरमधला शनिवार होता. किकऑफ, म्हणजे मॅचची सुरुवात, सकाळी अकराला. ही वेळ लोकांना कळली आदल्या रविवारी. बाहेरच्यांना हे पटत नाही, पण मॅचची तारीख खूप आधीपासून ठरलेली असते आणि वेळ मात्र नसते. वेळ टीव्ही चॅनल ठरवतं, साधारण बारा दिवस आधी, आणि काही आठवड्यांसाठी तो निर्णय सहा दिवसांवर येईपर्यंत लांबवायचा हक्क चॅनलनं करारातच राखून ठेवलेला असतो. सकाळी अकरा, दुपारी अडीच की संध्याकाळी सात, हे मधल्या शनिवारी कोण जिंकतं त्यावर ठरतं. २०२२ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या संघटनेनं फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा, सात अब्ज डॉलर्सच्या वरचा करार केला. एवढा पैसा मोजणारा वेळ ठरवणारच. पण तीन-चार तास गाडी चालवून येणाऱ्या माणसानं हॉटेल कधीचं घ्यायचं, गाईगुरांचं कुणाला सांगायचं, मुलांना कुणाकडे ठेवायचं, हे त्या करारात कुठेच नसतं.

सकाळी नऊला गेट उघडली. थंडी शून्याच्या खाली. माझं लक्ष डॅशबोर्डवर. गेटनिहाय मिनिटाला किती स्कॅन होतायत याची रेघ तिथे दिसते. भरलेल्या मॅचला ही रेघ किकऑफच्या अर्धा तास आधी उभी चढते, कारण लोक पार्किंगमधल्या खाण्यापिण्यातून शेवटच्या क्षणी उठतात. त्या दिवशी ती चढलीच नाही. एवढ्या सकाळी पार्किंगमध्येही गर्दी जमली नव्हती, कारण सकाळी आठ वाजता शेगडी पेटवून कोण बसणार?

जे आले त्यांची आम्ही काय दशा केली तेही सांगते. आता कागदी तिकीट नाही, सगळं फोनवर. स्क्रीनशॉट चालत नाही, कारण कोड सतत बदलत असतो. गेटपाशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क शोधतात, त्यामुळे तिकीट उघडत नाही. थंडीत बॅटरी धडाधड उतरते. उन्हाकडे तोंड असलेल्या गेटवर स्क्रीन दिसत नाही. माणूस हातमोजे काढतो, बोटं बधिर झालेली, पासवर्ड चुकतो, मागची रांग चुळबुळते. मी रांगेतल्या प्रत्येकाला सांगत फिरते की घरून निघतानाच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, ब्राइटनेस पूर्ण करा. हे वाक्य ईमेलमध्ये पहिल्या ओळीत घाला असं मी किती वेळा सांगितलं असेल. ईमेलमध्ये पहिल्या ओळीत कायम प्रायोजकाचं नाव असतं. ज्यांनी ही फोनची तिकिटं आणली त्यांना गेटवर दोन तास उभं करायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. फायदा त्यांचा आहेच, कुणाचं तिकीट कुणाकडे गेलं हे त्यांना कळतं. सत्तरीतल्या माणसाचा काय फायदा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा क्वार्टर (मॅचचे असे चार भाग असतात) चालू असताना तिकीट खिडकीवरच्या मुलीनं मला बोलावलं. काउंटरपाशी एक वयस्क गृहस्थ उभे होते, मागे खुर्चीत त्यांची बायको, गुडघ्यांवर टीमचं ब्लँकेट. मला वाटलं जागा बदलून हव्या असतील. ते म्हणाले, "आम्ही घरी निघालोय. एकच विनंती आहे. मला आजच्या आकड्यातून काढा. आम्हा दोघांनाही."

मी म्हटलं, "पैसे परत हवे आहेत का?"

"नकोत. फक्त मोजू नका. तुम्ही थोड्या वेळानं आकडा जाहीर कराल, त्यात आम्ही नको."

इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. लोक भांडतात ते पैशासाठी, पार्किंगसाठी, पारदर्शक पिशवीच्या नियमासाठी. मी त्यांचं खातं उघडलं. राज्याच्या पश्चिम टोकाचा पत्ता. जागा वडिलांच्या नावावरून आलेल्या, चाळीस यार्डांच्या रेषेसमोर, म्हणजे मैदानाच्या जवळजवळ मधोमध. आधी चार होत्या, आता दोन. दर वर्षी तिकिटाच्या पैशाखेरीज देणगी, कारण त्या भागात बसायचं तर देणगी सक्तीची. २०१७ पर्यंत या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. २०१८ पासून ती गेली. देणगी मात्र आमच्याकडे वाढतच गेली.

मी त्यांना आत बसवलं, कॉफी दिली. ते रागावलेले नव्हते. हिशेब सांगावा तसं शांतपणे बोलत होते. पहाटे साडेचारला निघालो, म्हणाले. दुपारची मॅच असेल असं धरून हॉटेल आजच्या रात्रीचं घेतलं होतं, ते पैसे गेले. तरी मॅच संपेपर्यंत थांबलो असतो, पण हिला थंडी सोसवेना. बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "थंडीचं काही नाही हो. आयुष्यभर बसले थंडीत. पण खेळ चालू असला की माणूस उठतो, ओरडतो, अंगात ऊब राहते. आता सगळा वेळ नुसतं थांबायचं."

त्या काय म्हणत होत्या ते मला लगेच कळलं. मैदानाच्या कडेला टीव्हीचा एक माणूस उभा असतो. त्यानं खूण केली की पंच खेळ थांबवतात, आणि त्यानं सोडल्याशिवाय सुरू होत नाही. टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाला नेऊन गुण, झाला की जाहिरात. मग खेळ पुन्हा सुरू करणारी एक किक, काही सेकंदांची. लगेच पुन्हा जाहिरात. घरी बसलेला माणूस तेवढ्यात दुसरं चॅनल बघतो, स्वयंपाकघरात जाऊन येतो. स्टेडियममधला माणूस ॲल्युमिनियमच्या बाकावर बसून बावीस खेळाडूंना उभं राहिलेलं बघतो. मॅच सव्वातीन-साडेतीन तास चालते आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष हलतो तो फार थोडा वेळ. २०२३ मध्ये नियम बदलला, फर्स्ट डाउननंतर, म्हणजे टीमनं चेंडू दहा यार्ड पुढे नेल्यावर, घड्याळ थांबवणं बंद केलं, फक्त हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत ठेवलं. वेळ वाचवायला खेळ कमी केला. जाहिरातींना हात लावला नाही.

ते गृहस्थ इतिहास शिकवायचे. त्यांनीच मला १९८४ च्या खटल्याची आठवण करून दिली. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था, तीस-बत्तीस वर्षं टीव्हीवर किती मॅच दाखवायच्या यावर कडक बंधन ठेवून होती. कारण उघड सांगितलेलं होतं, टीव्हीवर सगळं दिसलं तर लोक स्टेडियममध्ये येणार नाहीत. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी ते बंधन उठवलं. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेज फुटबॉलचे मोठे खेळाडू होते. "निकाल कायद्यानं बरोबर होता," ते गृहस्थ म्हणाले. "पण ती भीती खोटी नव्हती."

मग आजच्या पाहुण्या टीमबद्दल बोलले. शेजारच्या राज्यातल्या ज्या टीमशी त्यांच्या वडिलांच्या काळापासून वैर, ती आता आमच्या वेळापत्रकात नाही. त्या दिवशीची टीम दीड हजार मैलांवरून आली होती, तिचे प्रेक्षक एका कोपऱ्यात मावत होते. २०२४ पासून यूसीएलए, यूएससी, ओरेगन, वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं बिग टेनमध्ये, टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसी या दुसऱ्या संघटनेत. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटची शंभराहून अधिक वर्षांची लढत २०२३ नंतर थांबली. ज्याच्याशी सोमवारी कामावर चेष्टामस्करी व्हायची तो शेजारीच गेला, तर जिंकून सांगायचं कुणाला? खेळाडूंना २०२१ पासून कमाईची परवानगी मिळाली, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती आणि माझीही नाही. त्या पोरांच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा होता, त्यांना मिळालंच पाहिजे. "पण पहिल्या वर्षाला आलेलं पोरगं चौथ्या वर्षापर्यंत मोठं होताना बघायचो," बाई म्हणाल्या. "आता पोरं विद्यापीठं बदलत राहतात, कार्यक्रमपत्रिकेत नावं शोधावी लागतात."

आमच्या सिस्टिममध्ये एक सोय आहे. डॉक्टरी कारणानं कुणाला बाहेर जाऊन परत यायचं असेल तर आम्ही तिकीट बाहेर पडताना स्कॅन करतो, म्हणजे आत किती जण आहेत त्यातून ते वजा होतं. मी हातातल्या स्कॅनरवर तो मोड लावला आणि दोघांची तिकिटं बाहेरच्या बाजूनं स्कॅन केली. स्क्रीन त्यांना दाखवली. आकडा दोननं उतरला. त्यांनी मान हलवली, ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि दोघं एकमेकांच्या आधारानं रॅम्पवरून उतरून गेले.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाउडस्पीकरवरून आकडा आला, पन्नास हजारांच्या वर. माझ्या डॅशबोर्डवर तीस हजारांच्या आसपास होते. जाहीर आकड्यात ते दोघं अर्थातच होते, कारण तिकिटं वाटलेली होती. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत, तेव्हाही होते. हंगाम संपेपर्यंत राहिले. पैसे भरलेल्या माणसाला स्वतःला त्या आकड्यातून काढून घ्यायची काहीच वाट नाही, हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं. मी केलं त्याला काही अर्थ होता का, यावर मी अजून विचार करते. त्यांना ते हवं होतं आणि माझ्या हातात तेवढंच होतं.

सोमवारच्या बैठकीत विषय निघाला तो विद्यार्थ्यांचा, कारण हाफटाइमला त्यांचा भाग ओस पडतो आणि तो टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर येतो. मार्केटिंगमधल्या एकानं ॲप सुचवलं. अलाबामानं २०१९ मध्ये असंच काढलं होतं. चौथ्या क्वार्टरपर्यंत विद्यार्थी थांबला की नाही हे फोनच्या लोकेशनवरून बघायचं आणि थांबल्याचे जादा पॉइंट द्यायचे, ते मोठ्या मॅचच्या तिकिटांसाठी वापरायचे. निक सेबनसारखा जिंकून जिंकून कंटाळा आणणारा कोच मिळूनही अलाबामाची मुलं लवकर उठून जात होती, हे कुणी बोललं नाही. आमचे साहेब दर वेळी नेब्रास्काचं उदाहरण देतात, तिथे १९६२ पासून प्रत्येक घरची मॅच सोल्ड आउट आहे. किंवा मिशिगनचं, १,०७,६०१ जागांचं स्टेडियम. ही खरी, अभिमानाची उदाहरणं आहेत आणि तिथे लोक येतातही. पण सोल्ड आउट हा विकलेल्या तिकिटांचा शब्द आहे, आणि आमचं गाव नेब्रास्का विद्यापीठाचं लिंकन नाही.

मी म्हटलं, निदान दोन-तीन मॅचच्या वेळा उन्हाळ्यातच पक्क्या करून घ्या चॅनलकडून, बाकीच्यांना सहा दिवसांची मुदत लावू देऊ नका. साहेब म्हणाले, ते आपल्या हातात नाही, करार संघटनेचा आहे. ते खरं बोलत होते. माणूस वाईट नाही, वरून येणारा दबाव मी बघते. पण त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी गेल्या कित्येक वर्षांत साध्या बाकावर बसून, पदरचे पैसे देऊन पूर्ण मॅच कुणी पाहिली असेल, असं मला वाटत नाही.

वसंतात त्या गृहस्थांनी पुढच्या हंगामासाठी तिकिटांचं नूतनीकरण केलं नाही. त्या दोन जागा एका कंपनीनं घेतल्या, पाहुण्यांसाठी. वाटलेल्या तिकिटांत काहीच फरक पडला नाही, उलट देणगी वाढीव आली, म्हणून विक्री विभाग खूश होता. पहिल्या दोन मॅचना त्या जागांवर एकही स्कॅन नव्हता.

आता मी माझ्या साप्ताहिक अहवालात आणखी एक रकाना जोडलाय: पाच वर्षांहून जास्त काळ ज्यांच्याकडे जागा आहेत, त्यांच्यापैकी या शनिवारी कितीजण आले. सिस्टिममधून काढायला दहा मिनिटं लागतात. साहेबांनी एकदा विचारलं, हा रकाना कुणी मागितलाय? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी तो काढायला सांगितला नाही, आणि वाचतात की नाही तेही मला सांगितलं नाही. मी पाठवते.