ताम्हिणी ते वेसवी: मागचा ब्रेक पायाच्या मापाचा करताना

ऑक्टोबर संपत आला होता. दोन मोटरसायकली, आम्ही दोघी. पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव करून हरिहरेश्वरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी बाणकोटची खाडी ओलांडून दापोली, असा बेत. ताम्हिणीत गाडी चालवायची तर याच दिवसांत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे फक्त गर्दीत उभं राहायचं असतं.

मुळशीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मागून येणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझा ब्रेकलाईट पिरंगुटपासून लागलेलाच आहे." मी तर ब्रेक दाबतही नव्हते. उजव्या नडगीत मात्र कळ येत होती. मागच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेला तर चांगलीच धग लागली.

कारणं दोन निघाली. मी नवे, जाड तळव्याचे बूट घातले होते. फूटरेस्टवर पाय ठेवला की बुटाचा पंजा आपोआप पेडलवर टेकायचा. तो टेकू नये म्हणून मी नकळत पाऊल वर ओढून धरत होते, म्हणून नडगी दुखत होती. दुसरं कारण, दोन दिवसांपूर्वी चेन ताणून घेतली होती. चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर मागच्या ड्रम ब्रेकचा आर्म (ब्रेक लावणारी छोटी दांडी) मागे जातो आणि पेडलपासून त्याच्यापर्यंत येणारा रॉड आवळला जातो. त्यानंतर रॉडच्या टोकाचा ब्रेकचा नट सैल करायला हवा होता, तो राहिला होता.

माणगावात रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. मी घाईने पाना मागितला, तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, आधी गाडीवर बसा. पाय बघू, मग नट बघू." हे मला फार पटलं. डबल स्टँडवर रिकाम्या गाडीचं पेडल कितीही छान लावा, आपण बसल्यावर पाऊल कुठे येतं ते त्यात कळत नाही. म्हणून ज्या बुटांत प्रवास करणार तेच घाला, आरशासमोर बसल्यासारखं ताठ न बसता रोजच्यासारखं बसा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा.

आधी पेडलची उंची. पेडल किती वर येईल ते ठरवणाऱ्या स्टॉपर बोल्टचा चेक नट (बोल्ट जागेवर धरून ठेवणारा नट) सोडून त्याने पेडल थोडं खाली घेतलं, बुटाचा पंजा त्याच्यावर मोकळा तरंगेल इतकंच. पेडल खाली आलं की रॉड पुढे ओढला जातो आणि प्ले, म्हणजे ब्रेक पकडायच्या आधीची पेडलची मोकळी चाल, आणखी कमी होतो. त्यामुळे प्ले नेहमी नंतर लावायचा. रॉडच्या टोकाचा नट सैल करत माझ्या गाडीला पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर प्ले ठेवला. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नटाची खाच पिनवर नीट बसली पाहिजे, आणि चाक हाताने फिरवल्यावर लायनर (ड्रमच्या आतली ब्रेकची पट्टी) घासल्याचा आवाज येता कामा नये. शेवटी ब्रेकलाईटचा स्विच. त्याचा नट फिरवायचा, स्विच नाही, नाहीतर वायरी पिळल्या जातात. ब्रेक पकडायच्या जरा आधी दिवा लागला की झालं.

मागे डिस्क ब्रेक असेल तर पेडलची उंची बहुधा मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या) पुशरॉडवर, म्हणजे पेडलला जोडलेल्या दांडीवर, लावायची असते. तिथे किंचितही प्ले उरला नाही, तर ऑइल तापून ब्रेक आपोआप पकडायला लागतो. सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या.

गिअर लिव्हरही त्याच्या शाफ्टवरच्या खाचांतला एक दाता वर घेतला, कारण जाड बूट त्याच्या खाली जाईना. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर निघत नाही, पूर्ण काढावा लागतो. आधी मार्करने खूण करून ठेवा. टाच-पंजाचा लिव्हर असेल तर पुढचं टोक वर गेलं की टाचेकडचं खाली येतं, ते फूटरेस्टला लागत नाही ना ते पाहा.

या सगळ्याची खरी परीक्षा बाणकोट खाडीच्या अलीकडच्या काठावर, बागमांडल्याला झाली. फेरीबोटीकडे उतरणारा धक्का ओला, शेवाळलेला. तिथे पुढचा ब्रेक जोरात धरला की चाक घसरतं. पहिला गिअर, क्लच सोडलेला आणि मागच्या ब्रेकवर पंजाचा हलका दाब देत उतरायचं. सकाळच्या त्या ताठलेल्या पायाने मला इतका हलका दाब देताच आला नसता. पलीकडे वेसवीच्या बाजूला उतरून थेट दापोली गाठली. पोचल्यावर पुन्हा हबजवळ हात नेला, नुसता कोमट होता.