मॅन्टूची सुई आणि दोन दिवस बंद शटर

२०२१ च्या दसऱ्यात घरात सगळ्यांनाच जुलाब लागले. चार दिवसांत बरे झालो. पुढच्या आठवड्यात माझा उजवा डोळा लाल. डोळे आले असतील म्हणून खानापुरातल्या मेडिकलमधून थेंब आणले. पण चिपडं नव्हती, उजेड सोसत नव्हता आणि ठणका भुवईपर्यंत जायचा. असं असेल तर मेडिकलवर एक दिवसही घालवू नका.

बेळगावच्या डॉक्टरांनी युव्हायटिस सांगितला: आपलीच प्रतिकारशक्ती डोळ्याच्या आत सूज आणते. टीबीमुळेही अशी सूज येते, म्हणून एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी आणि एक्स-रेसोबत मॅन्टू, म्हणजे टीबीसाठी हातावर सुई टोचून करायची तपासणीही लिहून दिली.

या मॅन्टूनेच छळलं. शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, लॅबमध्ये हातावर सुई टोचली, भोवती निळ्या पेनाने गोल काढला आणि ‘दोन-तीन दिवसांनी या’ म्हणाले. रविवारी बस धरून गेलो, शटर बंद. सोमवारी १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, पुन्हा शटर बंद. फोन कोणी उचलेना. गोलाच्या आत बोटाला गाठ लागत होती आणि ती मोजायला माणूस नव्हता. मंगळवारी पट्टी लावून ७ मिलिमीटर लिहून दिलं. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. गाठ ४८ ते ७२ तासांतच मोजायची असते, तीही लाली नव्हे, कडकपणा. लॅबमध्ये परत गेलो तर म्हणे, ‘काका, तुम्हीच विचारायला पाहिजे होतं.’ टोचणाऱ्याला कॅलेंडर दिसत नव्हतं का? याचा राग अजून जात नाही. पुढे दिवाळी, म्हणून ८ तारखेच्या सोमवारी पुन्हा टोचून घेतलं, पुन्हा पैसे भरून. बुधवारी मोजलं, निगेटिव्ह. तुम्ही सोमवारी किंवा मंगळवारीच टोचून घ्या, आणि मोजायला कोण असेल ते आधी विचारा.

बी२७ पॉझिटिव्ह आलं. हा गुण जन्मजात असतो आणि तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. पण अशा शरीरात पोटाचं इन्फेक्शन ठिणगी ठरू शकतं. माझ्या बाबतीत तेच झालं असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, ‘शक्य आहे’ म्हणाले. बी२७ असलेल्यांचे कंबरेचे सांधेही सुजू शकतात, म्हणून सकाळी कंबर आखडते का, हेही विचारलं. आखडायची, वर्षभर. मग सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

शेजारी प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे आणून द्यायचे. मी घेतले नाहीत. इथे ताकद कमी पडली नव्हती, ती चुकीच्या जागी लागली होती.

एक सांगायचं राहिलं. डोळ्याची सूज उतरवायला देतात ते स्टेरॉइडचे दुधासारखे थेंब प्रत्येक वेळी बाटली नीट हलवूनच घाला, औषध तळाशी बसतं. आणि लाली गेली म्हणून मनाने बंद करू नका. माझे दीड महिन्यात हळूहळू कमी केले, मध्ये डोळ्याचं प्रेशर दोनदा तपासून.