आत्याची दोन नावं आणि कॅनॉलचं पाणी

दोन वर्षं झाली तरी ती खिडकी डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहून टाकतो. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. अजून तिथे जावं लागतं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आजोबांची साडेपाच विघे जमीन शहरापासून तासाभरावर आहे. भागिया कसतो, आम्ही मार्चमध्ये तूर आणायला जातो, एवढीच आमची शेती. विहीर आटत चालली तेव्हा भागिया म्हणाला, "काका, चार शेतं ओलांडली की नर्मदा कॅनॉलचं सबमायनर, म्हणजे छोटा फाटा आहे. गावात सगळे पाणी घेतात, आपणच का नाही?"

खरंच, का नाही? गावातल्या पियत मंडळीच्या, म्हणजे पाणीवापर संस्थेच्या, प्रमुखांकडे गेलो. सरकार पाणी मंडळीला देतं आणि मंडळी पाळ्या लावून, पाणीपट्टी गोळा करून शेतकऱ्यांना. माणूस भला होता. म्हणाले, सातबारा आणि आठ-अ आणा, अर्ज भरू. दोन्ही उतारे आजोबांच्या नावावर निघाले. आजोबा 1978 साली गेले. बाबांनी वारसाई केलीच नव्हती, आणि आता बाबाही नव्हते.

(इथेच सांगून ठेवतो : घरी बसून काढलेली उताऱ्याची साधी छापील प्रत माझी चालली नाही. सही-शिक्क्याची घ्या. माझा एक फेरा यातच गेला.)

मृत्यूचे दाखले मिळाले. तलाठ्याने पंचांसमोर पेढीनामाही, म्हणजे वारसांची वंशावळ, एका सकाळी करून दिला. आजोबांची मुलं दोन, बाबा आणि आत्या. बाबांचे वारस आई, मी आणि बहीण. मला वाटलं, झालं. फाइल घेऊन तालुक्याच्या कचेरीत नोंदीच्या खिडकीशी उभा राहिलो.

खिडकीतल्या भाईंनी पेढीनामा पाहिला, आत्याचं आधार पाहिलं आणि दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. "काका, आ तो बे जुदी बाई छे." या तर दोन वेगळ्या बायका आहेत!

पेढीनाम्यात सुशीला, आधारवर वृंदा. आत्याचं लग्न 1963 साली इंदूरला झालं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि सुशीलेची वृंदा झाली. आपल्याकडे यात नवल ते काय? माझ्या आईचंही नाव बदललेलंच. पण गुजरातीत लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लागतं, पाळण्यातलं नाव तसंच राहतं. भाईंना मी अंगठी, तांदूळ, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एनो दाखलो?"

तांदळाचा दाखला कुठून आणायचा?

पुढचे अडीच महिने मी हाच दाखला शोधत होतो. आधी प्रतिज्ञापत्र केलं, सुशीला म्हणजेच वृंदा. ते मी केलेलं चालेना, आत्याने स्वतः करायला हवं. आत्या ब्याऐंशी वर्षांची, इंदूरला, गुडघ्यांनी जेरीस आलेली. आत्येभावाने तिला रिक्षात घालून नोटरीकडे नेलं. ते प्रतिज्ञापत्र आलं तर भाई रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेले म्हणाले, जुन्या नावाचा सरकारी पुरावा जोडा. शाळा सोडल्याचा दाखला मिळवला, त्यावर नाव सुशीला पण जन्मसाल आधारपेक्षा एक वर्षाने वेगळं. शेवटी आईच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली. तिच्यावर सुशीला हे नाव, नवऱ्याचं पूर्ण नाव, तारीख, सगळं होतं. पण मराठीत! तिचा गुजराती तरजुमा करून त्यावर शिक्का घ्यावा लागला.

आत्याला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग मी दोन बायका आहे तर. तुझ्या काकांना एकच झेपत नव्हती."

त्या कचेरीतल्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा नर्मदा योजनेचा नकाशा मला पाठ झाला. मुख्य कॅनॉल केवडियाहून निघतो आणि राजस्थानच्या सीमेपर्यंत 458 किलोमीटर जातो. मुखाशी त्याची क्षमता 40,000 क्युसेक. 1979 साली लवादाने गुजरातच्या वाट्याला 90 लाख एकर-फूट पाणी दिलं. त्यातलं 10.6 लाख पिण्यासाठी आणि कारखान्यांसाठी, उरलेलं शेतीसाठी. कच्छला पोचलं, सौराष्ट्राला पोचलं, महीवरून उडी मारून पुढे गेलं. बडोद्याबाहेर याच कॅनॉलच्या एका शाखेवर सोलरच्या पाट्या टाकून वीज काढतात. आणि आमच्या चार शेतं अलीकडे ते पाणी तांदळातल्या एका नावापाशी अडलं होतं. हा विचार तेव्हा इतक्या वेळा मनात आला की शेवटी स्वतःचाच कंटाळा आला.

एकदा मी भडकलोही. "माझं नाव कमी करून तिचं घाला, पण काहीतरी लिहा," असं ओरडलो. त्याचा उपयोग शून्य. उलट पुढच्या खेपेला फाइल सापडायला तासभर लागला. तेव्हा ओरडू नका. चहाच्या टपरीवर बसणाऱ्या अर्ज लिहून देणाऱ्या म्हाताऱ्याला आधीच गाठा. त्याने पाच मिनिटांत उपाय सांगितला : पेढीनामाच नव्याने करा आणि त्यातच "सुशीला उर्फ वृंदा" घाला. पंच तेच, तलाठी तोच. अडीच महिने मी टाचणीने डोंगर खणत होतो!

तलाठी आठवड्यातून ठरावीक दिवशीच त्या गावात बसतो, तो वार आधी विचारून जा. नोंद पडल्यावर जमीन महसूल कायद्याच्या कलम 135-ड ची नोटीस सगळ्या वारसांना निघते, हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. इंदूरचा पत्ता पिनकोडसकट द्या. आमची नोटीस परत आली होती.

नोंद प्रमाणित झाली तेव्हा तूर फुलावर आली होती. मंडळीचा अर्ज दहा मिनिटांत भरला गेला. पाळी रात्री दोनची लागली. भागिया म्हणाला, तुम्ही येऊ नका, पण मी गेलो. टॉर्चच्या उजेडात आधी पाचोळा आला, मग फेस, मग पाणी. मी वेड्यासारखा चप्पल काढून चारीत उभा राहिलो. भागियाने दोनदा हटकलं, "काका, पाय काढा, पाळी तासांवर आहे."

सकाळी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "चला, बरं झालं. आता तूर निघाली की माझी पाठव. आणि दोन वाटे पाठव हं, एक सुशीलेचा, एक वृंदेचा."