बाबांच्या पायाची अँजिओप्लास्टी आणि कॅशलेसची ती क्वेरी

बाबांच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम भरेना, टोक काळं पडू लागलं. डॉपलर आणि सीटी अँजिओग्राफी या रक्तप्रवाहाच्या तपासण्यांत गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या बंद निघाल्या. सर्जन म्हणाले, "फुग्याने उघडू, पाय वाचेल, पण उशीर नको." इथपर्यंत सगळं भराभर झालं. अडलं ते कॅशलेसपाशी, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरायच्या मंजुरीपाशी.

विमा कंपनीची क्वेरी आली: मधुमेह पहिल्यांदा निघाला तेव्हाचा मूळ कागद द्या. ज्यांनी निदान केलं त्या डॉक्टरांचा दवाखानाच बंद होऊन जमाना झाला! सध्याच्या डॉक्टरांचं पत्र दिलं, तर पुन्हा तीच क्वेरी, एक शब्दही न बदलता. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर एकच उत्तर: "मॅडम, कागद अपलोड झाल्याशिवाय फाइल पुढे जात नाही." आणि वर वॉर्डात बाबा रात्रभर पाय खाली सोडून बसलेले, कारण आडवं झालं की ठणका सोसवत नव्हता. पायाला रक्त पोचत नाहीये आणि हे कागद मागत बसलेत! अजून आठवलं की संताप होतो.

मग मीच नियम काढून वाचले. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा (त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ) जास्तीत जास्त 3 वर्षं. पॉलिसी सलग 5 वर्षं चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'आजार लपवला' म्हणून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा. आमची पॉलिसी 5 वर्षांहून जुनी, खंड नाही. हे मुद्दे आणि नूतनीकरणाच्या सगळ्या पावत्या थेट कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केल्या. संध्याकाळी मंजुरी आली. त्या पावत्या जपल्याचा मला आजही अभिमान वाटतो. तुमच्याही आजच स्कॅन करून ठेवा.

प्रक्रिया जांघेतून, तेवढीच जागा बधिर करून झाली. बाबा जागे होते. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) लागला नाही. अंगठ्याचं टोक गेलं, पाऊल राहिलं.

हो, सीटीसाठी नसेतून देतात त्या डायआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी सांगा. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर 0.9 च्या वर आलं, म्हणजे पायाचा रक्तपुरवठा ठीक, असं समजून निर्धास्त राहू नका. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की तो आकडा फसवतो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी सर्जनना विचारा.

डिस्चार्जलाही नियम आहे: अंतिम मंजुरी 3 तासांत. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यासाठी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे असतात.