भिंगरी तीन आठवड्यांसाठी आली होती

“तीन आठवडे सांभाळशील का? लशीचा दुसरा डोस होईपर्यंत. तोवर आम्ही तिच्यासाठी घर शोधतो.” सापडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना घर शोधून देणाऱ्या संस्थेच्या ताईंचा फोन आला आणि मी लगेच हो म्हणाले. आई बाजूलाच होती. ती एवढंच म्हणाली, “आण, पण लळा लावून घेऊ नकोस. जाताना तुझाच जीव तुटेल.”

पिल्लू एका कोरड्या पाइपात एकटंच सापडलं होतं. आजूबाजूला ना आई, ना भावंडं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, दुधाचे दात जवळजवळ सगळे आलेले, म्हणजे वय ७ आठवड्यांच्या आसपास. पोट टम्म, बरगड्या मात्र बोटाला लागत होत्या. घरी आणून जमिनीवर ठेवली तर आधी कोपऱ्यात जाऊन बसली. मग तिला स्वतःचं शेपूट दिसलं आणि ते पकडायला तिनं इतक्या गिरक्या घेतल्या की धपकन पडली. नाव आईनंच ठेवलं, भिंगरी.

फॉस्टर करणं म्हणजे काय, हे करारावर सही करताना नीट कळलं. पिल्लू संस्थेचं, उपचारांचा खर्च आणि निर्णय त्यांचे, परस्पर कुणाला द्यायचं नाही. माझ्याकडून जागा, वेळ आणि नजर. रोजचं वजन, खाणं, शी कशी झाली आणि किती खेळली हे लिहून पाठवायचं. सुरुवातीला ‘किती खेळली’ हा रकाना मला उगाचच वाटायचा.

पहिले १४ दिवस तिला एकाच खोलीत ठेवायचं होतं. कारण पार्व्हो, उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेऊ शकणारा विषाणू. हा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे आज उड्या मारणारं पिल्लू आतून आजारी नसेलच असं सांगता येत नाही. जमिनीवर तो महिनोन्महिने टिकतो आणि घरातल्या नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. आधी घाण पूर्ण पुसायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, ते १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिल्लाला तिथं सोडायचं नाही. मी खोलीतला गालिचा गुंडाळून ठेवला, तिच्या खोलीसाठी वेगळी चप्पल केली.

पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती उठली नाही. मान वर केली, शेपूट एकदा हललं, पुन्हा मान खाली. चेंडू तिच्या पायाशी गेला तरी तिनं पाहिलंही नाही. थोड्या वेळानं उलटी झाली, मग पातळ शी. दवाखान्यात शीचा नमुना तपासून निकाल यायला १० मिनिटं लागली. ती १० मिनिटं तिचं डोकं माझ्या मनगटावर होतं आणि श्वास मोजण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. पार्व्हो नव्हता. जंत होते, आणि खूप होते. आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातून ते पिल्लाच्या शरीरात येतात, म्हणून डॉक्टर दर दोन आठवड्यांनी औषध द्यायला सांगतात. औषधानंतर शीमध्ये दोऱ्यासारखे पांढरे जंत पडले. दोन दिवसांनी तिनं माझी चप्पल ओढत नेली आणि मी तो रकाना मनापासून भरला. पिल्लाचं खेळणं थांबणं ही आजाराची पहिली खूण असू शकते. खाणं कमी झाल्याचं जेवणाच्या वेळी कळतं, खेळ थांबल्याचं त्याआधीच दिसतं.

लशीचे डोस पुन्हापुन्हा का, हेही तेव्हाच समजून घेतलं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला जपते, पण तीच लशीलाही काम करू देत नाही. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून ३-४ आठवड्यांच्या अंतरानं, कमीत कमी १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देत राहायचे, म्हणजे मधली फट कमीत कमी राहते.

अडचण अशी की पिल्लाचं मन जगाला सर्वांत मोकळं असतं ते साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात. लशी पूर्ण होईपर्यंत कोंडून ठेवलं तर नेमका हाच काळ निघून जातो. डॉक्टरांना विचारून मधला मार्ग काढला. पहिले १४ दिवस सरले की रोज तिला कडेवर घेऊन बाहेर जायचं, पाय जमिनीला लावू द्यायचे नाहीत. मोटारसायकल, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, शिटी, पावसाचा आवाज. घाबरली की लांब जायचं, खाऊ द्यायचा, जबरदस्ती नाही. आजोबांच्या काठीकडे ती चार दिवस डोळे मोठे करून बघत होती. पाचव्या दिवशी मान पुढे करून हुंगली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चावण्यात. भावंडांत वाढणारं पिल्लू जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. कितपत दात लावायचा हे त्यातूनच समजतं. भिंगरीला हे शिकवणारं कुणी नव्हतं आणि तिचे दात सुईसारखे. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. मी ओरडून पाहिलं, तर ती आणखी चेकाळायची. मग एकच गोष्ट धरून ठेवली. दात टोचला की हात सैल सोडायचा, उठायचं, दाराबाहेर जायचं, २० पर्यंत मोजायचं आणि परत येऊन दोरीचं खेळणं पुढे करायचं. आईलाही हेच करायला लावलं, कारण एकानं खेळ थांबवायचा आणि दुसऱ्यानं हसून हात पुढे करायचा यानं पिल्लू गोंधळतं. संध्याकाळचा धुडगूस मात्र बहुतेक वेळा थकव्याचा असायचा. या वयात त्यांना दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. अंधार करून तिला निजवली की दहा मिनिटांत घोरायची.

एका दुपारी ती पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, पार्श्वभाग वर करून माझ्यासमोर उभी राहिली. कुत्र्यांच्या भाषेत हे खेळायचं आमंत्रण. मीही गुडघ्यांवर येऊन तसंच वाकले. ती क्षणभर थबकली, मग उडी मारून आली आणि माझं बोट तोंडात धरलं. दात लागले, पण टोचले नाहीत. मी कितीतरी वेळ हललेच नाही.

दुसरा डोस झाला आणि एक जोडपं आपल्या ४ वर्षांच्या मुलीला घेऊन भिंगरीला बघायला आलं. चांगली, समजूतदार माणसं. मी सगळं खरं सांगितलं. चावते, रात्री दोनदा उठावं लागतं, तारा कुरतडते. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला.

ताईंनी विचारलं, “आणि बोट अलगद धरायला शिकली, ते सांगितलंस?”

नव्हतं सांगितलं. माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपते, लहान मुलाचा आवाज आला की शेपूट हलवते, हेही नाही. बोललेलं एक अक्षर खोटं नव्हतं, पण अर्धंच बोलले होते, आणि कुठलं अर्धं ते माझ्या मनानं निवडलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं. ती मुलगी भिंगरीसाठी एक चेंडू घेऊन आली होती.

“अगं, तुला हवी असेल तर फॉर्म भर,” ताई म्हणाल्या. “पण दुसऱ्यांसाठी दार आतून लावून घेऊ नकोस. आणि फॉर्म सगळ्यांचा असतो तोच. तुझ्यासाठी वेगळा नाही.”

तो भरायला मला चार दिवस लागले. कुत्रा १२-१५ वर्षं जगतो, तेवढी वर्षं जबाबदारी कुणाची? नोकरी बदलली तर? घर बदललं तर? तू गावाला गेलीस तर? नसबंदी वेळेवर करून घेशील? शेवटच्या प्रश्नाला लगेच हो लिहिलं, बाकीच्यांसाठी आईसमोर बसावं लागलं. लळ्याचं बोलणारी आई आता वेगळंच विचारत होती. “माझे गुडघे हे असे. तू नसताना तिला फिरवणार कोण?” मावसभावाशी बोलून, त्याचा होकार घेऊन मगच ते उत्तर लिहिलं. महिनाभर भिंगरी याच घरात राहत होती, तरी ताई घर तपासायला आल्या. गॅलरीच्या गजांमध्ये तिचं डोकं जाईल एवढी फट त्यांनी दाखवली, जाळी लावून घेतली. मनुका आणि चॉकलेट वरच्या फडताळात गेले, दोन्ही कुत्र्यांना विषारी. त्या जोडप्यालाही ताईंनी पुन्हा एकदा फोन केला, या वेळी सगळं सांगून. त्यांनी तोवर दुसरं, थोडं मोठं पिल्लू घेतलं होतं. मग माझा फॉर्म मंजूर झाला आणि ओळखीसाठी तिच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपच्या १५ आकडी नंबरापुढे संस्थेच्या जागी माझं नाव लागलं.

सही करताना ताई म्हणाल्या, “हिला तुझं घर मिळालं, पण माझं एक फॉस्टर घर कमी झालं.” त्या रागावून बोलल्या नव्हत्या. पुढच्या पिल्लाला आता जागा शोधायची होती, एवढंच. भिंगरीच्या लशी आणि नसबंदी झाली की मी पुन्हा फॉस्टरच्या यादीत नाव देणार आहे. आईनं त्याला अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

ताई संस्थेचा पिंजरा, भांडी आणि दोरीचं खेळणं घेऊन निघाल्या. भिंगरी पिंजऱ्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी बसली, लिफ्टचा आवाज थांबेपर्यंत कान टवकारून ऐकत राहिली. मग आत आली आणि आईची चप्पल उचलून माझ्यासमोर आणून टाकली.